विक्कीसाठी एवढंसंच

प्रीती पाठीवर बॅग घेऊन वजनकाट्यावर उभी होती आणि प्रशिक भिंतीकडे तोंड करून उभा होता. आधी बॅगेसकट प्रीतीचं वजन करायचं, मग नुसत्या प्रीतीचं करायचं आणि वजाबाकी करून बॅगेचं काढायचं, अशी ही पद्धत होती. त्यातला दुसरा आकडा नवऱ्याने पाहायचा नाही, एवढीच अट होती.

"साडेसहा," प्रीती काट्यावरून उतरत म्हणाली. "अजून अर्धा किलो बसते. टोपी घेऊ का?"

"घे ना. समुद्रावर टोपी पायजेच."

समुद्र म्हटलं की प्रीतीचा चेहरा उजळायचा. ती माहेरची खाप्याची, कन्हान नदीच्या काठावर वाढलेली. नदीपेक्षा मोठं पाणी तिने पाहिलं होतं ते फार तर धरणाचं. पण नोकरी अशी, की नागपूरजवळच्या बेसाच्या एका शाळेत ती सहावीला भूगोल शिकवायची आणि दरवर्षी भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढायची. गेल्या वर्षी भैरवी नावाच्या एका आगाऊ मुलीने विचारलं, "मॅडम, ओहोटीत पाणी मागं जाताना आवाज येते का?" मॅडमनी "आता वह्या काढा" म्हणून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मॅडमच्या मागोमाग घरापर्यंत आला आणि मुक्कामालाच राहिला.

प्रशिक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब बघायचा. त्याने दोन महिने मोबाइलवर डोळे फोडून एक स्वस्तातली सहल जमवली. कलकत्त्यापर्यंत रेल्वे, तिथून विमानाने बँकॉक, तिथून बसने पटाया. दोन रात्री राहायचं, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्ट्यांत जाऊन यायचं. गोव्याला जाण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं. इतकं स्वस्त का, ते तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. जेवण मिळणार नाही, तारीख बदलणार नाही, पैसे परत होणार नाहीत आणि सामान म्हणजे माणशी सात किलोची हातातली बॅग, बस.

ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं होतं. परंतु प्रशिकचे वडील आनंदराव यांच्या पोटात शेंगदाणासुद्धा टिकत नसे. त्यांनी कन्हान गावी राहणाऱ्या आपल्या मोठ्या बहिणीला फोन केला आणि तब्येतीची चौकशी करता करता पटाया हा शब्द उच्चारला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सिंधूआत्या दारात हजर झाली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

सिंधूआत्याने आई गेलेल्या आनंदरावांना लहानाचं मोठं केलं होतं. त्यामुळे तिला "नाही" म्हणून पाहण्याचा प्रयोग या घरात अजून कोणी केला नव्हता. तिचा मुलगा विक्की आठ महिन्यांपूर्वी पटायाच्या एका हॉटेलात, स्वयंपाकघरात काम करायला गेला होता. तो गेला तेव्हा कन्हानच्या चौकात फ्लेक्स लागला होता. मध्ये गॉगल लावलेला विक्की, मागे उडतं विमान आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या मित्रमंडळाचे फोटो. चौकातून जाणारी माणसं तो फ्लेक्स पाहून सिंधूआत्याला ओळखू लागली होती.

"जय भीम, जय भीम. बसत नाही मी, घाईत आहे," असं म्हणत आत्या पलंगावर मांडी घालून बसली. "जास्त काही नाही बाप्पा. विक्कीसाठी एवढंसंच आहे."

एवढ्याशात सावजी मसाल्याचा पुडा होता, घरी कुटलेलं तिखट होतं, लिंबाच्या लोणच्याची बरणी होती आणि संत्रा बर्फीचा डबा होता. प्रीतीने मोबाइल काढून नियम वाचला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात सांगितलं, "आत्या, तिखट, मसाला, लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. विमानतळावर काढून घेतात."

"काहून? तिखटानं विमान पडते का?"

"नियम आहे जी."

"मंग सामानाचं वेगळं तिकीट काढा," आनंदराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "एवढं काय त्याच्यात! घरचं पोट्टं आहे."

प्रशिकने मुकाट्याने पंधरा किलोच्या सामानाचे जादा पैसे भरले. स्वस्त सहलीतला निम्मा स्वस्तपणा तिथेच संपला. त्याला वाटलं, चला, सुटलो. पण एकदा पंधरा किलोची सोय झाली म्हटल्यावर पाच किलोवर थांबणं आत्याच्या स्वभावातच नव्हतं. ती दोन दिवसांनी पुन्हा आली, काखेत गोधडी घेऊन.

"पंधरा घेतले ना? मंग एवढी जागा रिकामी कायले न्यायची? लोकं हसतील."

"पण आत्या, तिथं थंडी नसते," प्रीती म्हणाली. आता भूगोल आला होता आणि भूगोलात ती कोणाला घाबरत नसे. "विषुववृत्ताच्या जवळचा देश आहे तो. बाराही महिने गरमी."

"डिसेंबरातही?"

"डिसेंबरातही. स्वेटर कोणी विकतसुद्धा घेत नाही तिथं."

गोधडीची घडी करणारा आत्याचा हात थांबला. "मफलरही नाही?"

"मफलर कशाला बांधेल कोणी!"

आत्या थोडा वेळ गोधडीच्या टाक्यांकडे पाहत राहिली. मग तिने ती बॅगेत अशी काही दाबून भरली की बॅगेची शिवण करकरली. "राहू दे. हॉटेलात एसी असते," ती म्हणाली आणि चहा न घेताच निघून गेली. आत्याने चहा नाकारला, याची नोंद त्या गडबडीत कोणी घेतली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती आपल्या मुलीला, पिंकीला घेऊन आली. आता कुरड्यांचा डबा होता, सांडगी मिरच्या होत्या आणि जुन्या पितळेचा, हातात धरला की मनगट वाकेल असा सोऱ्या होता.

"सोऱ्या?" प्रशिकचा आवाज चिरकला. "आत्या, तो हॉटेलात काम करते. शेव पाडून खाणार आहे का तिथं?"

"पाडंन. कारागीर आहे तो."

पिंकीचा नवरा विहंग दुबईला होता. बाविसाव्या मजल्यावर राहतो, असं ती प्रत्येकाला एकदा तरी सांगे. तिने दबक्या आवाजात प्रीतीला विचारलं, "वहिनी, दुबई वाटेत लागत नाही का वं?" प्रीतीतली भूगोलाची शिक्षिका आतल्या आत कळवळली, पण तिने फक्त नाही म्हटलं.

पुन्हा काटा आणला गेला. सामान पंधराच्या वर गेलं. सोऱ्या काढून ठेवावा असं प्रशिकचं मत होतं, पण ते त्याच्यापाशीच राहिलं. जादा तीन डबे दोघांच्या हातातल्या बॅगांत गेले आणि तिथून प्रशिकचे चार शर्ट, प्रीतीचा नवा ड्रेस आणि ती टोपी बाहेर आली.

"आत्या, मी एक म्हणतो," प्रशिकने शेवटचा प्रयत्न केला. "त्याच्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवून येऊ. त्याच्या ड्यूटीचा काही भरवसा नाही."

"नाही. त्याच्या हातातच द्याचं," आत्या म्हणाली. "आणि देतानाचा फोटो काढून मले पाठवजो. माय आहे मी. मले तेवढंच समाधान."

प्रशिकने विक्कीला निरोप पाठवला होताच. त्यावर विक्कीचं उत्तर आलं होतं, "कायले आणून राहिला भाऊ? इथं सगळं भेटते. नको आणू." प्रशिकला ते वाचून भरून आलं. एवढ्या लांब राहून पोरगा किती समंजस झाला, असं त्याने प्रीतीला सांगितलं.

कलकत्त्याच्या विमानतळावर प्रशिक तीन शर्ट एकावर एक घालून उभा होता. सामान यंत्रात गेलं आणि पडद्यासमोरच्या माणसाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पडद्यावर गोधडीत गुंडाळलेली एक छोटी तोफ दिसत होती. प्रशिकच्या तिन्ही शर्टांना घाम फुटला. बॅग उघडावी लागली. सोऱ्या बाहेर आला, त्याचा दांडा फिरवून दाखवावा लागला आणि शेव कशी पडते ते प्रशिकने दोन भाषांत आणि एका हाताने समजावलं. शेवटी रांगेतल्या एका बाईंनी ओरडून सांगितलं, "अरे भाई, नमकीन बनाने का है, जाने दो उनको!" तेव्हा कुठे सुटका झाली.

बँकॉकला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने बॅग पुन्हा उघडली. त्याने सांडगी मिरची नाकाला लावली, सात वेळा शिंकला, डोळे पुसले आणि अंगठा वर करून जा म्हणाला. बॅग बंद करताना प्रीतीच्या लक्षात आलं की लोणच्याची बरणी आता तितकीशी कोरडी राहिलेली नाही.

पटायाला पोचले तेव्हा दुपार कलली होती. हॉटेल अगदी आतल्या गल्लीत होतं. खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीची होती. समुद्र मात्र चालत जाण्याइतका जवळ होता. प्रीतीने चेहरा धुतला, पायांत चपला सरकवल्या आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

"जाऊन येऊ ना?"

"जाऊ ना. पण आधी पार्सल देऊन टाकू," प्रशिक म्हणाला. "मंग डोक्याले ताप नाही. मंग निवांत समुद्र."

हे वाक्य त्याने अगदी चांगल्या मनाने उच्चारलं. आधी जबाबदारी, मग मजा, हे त्याला आनंदरावांनी शिकवलं होतं आणि आनंदरावांना सिंधूआत्याने. विक्कीला फोन लावला तर उचलला नाही. थोड्या वेळाने निरोप आला: "आज डबल ड्यूटी आहे भाऊ. उद्या सकाळी बोटीच्या घाटावर भेटू."

"मग आता जाऊ," प्रीती म्हणाली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हॉटेलच्या मालकीणबाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. त्यांनी बॅगेकडे बोट दाखवलं, मग जिन्याकडे. लोणचं गोधडीच्या एका कोपऱ्यातून बाहेरच्या जगात आलं होतं आणि मसाल्याचा वास दोन मजले खाली पोचला होता. बॅग खोलीत राहणार असेल तर तुम्ही राहायचं नाही, एवढं खुणेने स्पष्ट झालं. प्रशिक बॅग घेऊन जिन्यात बसला. परमुलुखात पंधरा किलोचं सामान टाकून कुठे जाणार?

"तू जाऊन ये," तो म्हणाला.

प्रीती दोन पायऱ्या उतरली आणि परत वर आली. "पहिल्यांदा पाहायचा तर एकटीनं नाही पाहायचा मले," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. प्रशिकला आपली इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं घाटावर गेले. समुद्र तिथे होता, पण प्रीती त्याच्याकडे पाठ करून बसली. विक्की रस्त्याच्या बाजूने येणार होता आणि रस्त्यावर लक्ष ठेवणं भाग होतं. शिवाय तिने मनाशी ठरवलं होतं की असा उडत उडत पाहायचा नाही. पाहायचा तर नीट, समोर बसून. तिच्या मागे लाटांचा आवाज येत होता आणि ती मान ताठ करून स्कूटरवाले मोजत होती.

ऊन चढलं. सिंधूआत्याचा निरोप आला: "भेटला का? फोटो?" पाठोपाठ विक्कीचा आला: "सॉरी भाऊ. अचानक बेटावर ड्यूटी लावली. बोट पकडून बेटावरच या ना."

"बेटावर?" प्रीती म्हणाली. "त्याचं हॉटेल पायानं चालते का?"

"शाखा असंन," प्रशिक म्हणाला, पण त्याच्याही आवाजात आता जोर नव्हता. उद्या दुपारी परतीची बस होती. आजचा दिवस निम्मा गेला होता.

बोट सुटली. चारी बाजूंना समुद्रच समुद्र होता आणि प्रीतीला त्यातला थेंबही दिसत नव्हता. बोट डुलायची तशी बॅग घसरायची, बॅग घसरली की सोऱ्या कोणाच्या तरी पायावर जायचा, म्हणून प्रशिक बॅगेवर बसला होता. फुटायला आलेली बरणी प्रीतीने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि बोट लागल्याने डोळे गच्च मिटले होते. आयुष्यातला पहिला समुद्र तिने लिंबाच्या लोणच्याचा वास घेत पार केला.

बेटावर उतरून त्यांनी एका झाडाखाली बॅग टेकवली. विक्कीचा पत्ता नव्हता. प्रशिकने फोन लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी विक्कीचाच फोन आला. प्रशिकने तो स्पीकरवर टाकला.

"भाऊ, काय झालं ना," विक्की घाईघाईने बोलू लागला, "मॅनेजर सोडून नाही राहिला गा. तुम्ही असं करा, तिथं कोणी चांगला माणूस पाहून त्याच्यापाशी—"

त्याच्या मागून एक दणदणीत आवाज आला. "बुटीबोरी, बुटीबोरी, बुटीबोरी! एक सीट, एक सीट! चला भाऊ, बसा लवकर, बुटीबोरी!"

बुटीबोरी नागपूरच्या शेजारी आहे, थायलंडमध्ये नाही, एवढा भूगोल प्रशिकलाही येत होता.

"विक्कीभाऊ," प्रीती हळूच म्हणाली, "तुमच्या बेटावरून बुटीबोरीले ऑटो जाते का?"

पलीकडून विक्कीचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा. "वहिनी, मी ऑक्टोबरातच वापस आलो जी. त्या हॉटेलवाल्यानं काम बंद केलं. आता बुटीबोरीले एका कॅन्टीनमधे आहो."

"आणि घरी सांगतलं नाही?" प्रशिक ओरडला. "नागपुरात राहून कन्हानले गेला नाहीस?"

"कोणत्या तोंडानं जाऊ गा? चौकात फ्लेक्स लागला होता ना माझा! अजून लागूनच आहे. मी मागच्या महिन्यात तोंडाले रुमाल बांधून जाऊन पाहिला. त्याच्या खालून जाची हिंमत नाही झाली."

"मंग आम्हाले बेटावर काहून पाठवलं?"

"मले वाटलं, बेटावर गेल्यावर तं कोणीपण कंटाळते. तुम्ही कोणाले तरी देऊन टाकसान, आणि आईले सांगसान का दिलं म्हणून." तो गयावया करू लागला. "वहिनी, आईले सांगू नका. हात जोडतो. तिचं काळीज फाटंन. मीच सांगतो. या रविवारी सांगतो."

प्रीतीने फोन हातात घेतला. तिला खूप काही बोलायचं होतं. चार शर्ट, एक ड्रेस, टोपी, जिना, घाट, सगळं. पण तोंडातून एवढंच निघालं, "माझा समुद्र राहून गेला तुमच्यापायी." मग तिने फोन बंद केला आणि बॅगेवर बसून रडायला लागली. राग इतका आला होता की रडताना तिला कोणाची लाजही वाटली नाही.

प्रशिकने प्रीतीला हाताला धरून उठवलं, बॅग उघडली आणि गोधडी बाहेर काढली. लोणच्याचा डाग पडलेला कोपरा खाली दुमडून त्याने ती वाळूवर पसरली, अगदी पाण्याच्या समोर. "बस," तो म्हणाला. "आता पार्सल नाही, विक्की नाही. आखरी बोट सुटेपर्यंत इथून उठाचं नाही."

प्रीती बसली आणि तिने पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. पाणी संपत नव्हतं. फळ्यावर काढताना ती निळा खडू वापरायची, पण इथे निळ्याला पाच-सहा रंग होते आणि त्यांतले दोन तरी खडूच्या डबीत मिळणारे नव्हते. मग वाळूवर पाण्याची एक ओली रेघ तिला दिसली. पाणी त्या रेघेच्या खाली गेलं होतं. थोड्या वेळाने आणखी खाली.

"ओहोटी आहे," ती पुटपुटली. "अहो, ओहोटी सुरू आहे! आणि आवाज येते. ऐका ना. बारीक बारीक, पोह्यावर पाणी शिंपडल्यासारखा."

तिच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि ती हसत होती. तिला इतका आनंद झाला होता की त्यात विक्कीसुद्धा माफ होऊ शकला असता. जवळच्या टपरीवरच्या बाईकडून त्यांनी साधा भात घेतला आणि त्यावर लिंबाचं लोणचं घातलं. बाईने सांडगी मिरच्या तळून दिल्या आणि त्यातल्या अर्ध्या स्वतःच खाऊन टाकल्या. बर्फीचा डबा तिच्या घरी गेला. सूर्य कलेपर्यंत एवढंसंच पार्सल बरंच कमी झालं.

पण काळजी काही संपली नव्हती. उलट ती परतीच्या प्रवासात वाढत गेली. आत्याचे निरोप येतच होते: "फोटो?" प्रशिकने "नेटवर्क नाही" असं कळवलं होतं आणि नेटवर्क नसताना हा निरोप गेला कसा, हे आत्याने विचारू नये अशी प्रार्थना केली होती. रेल्वेत दोघांनी खोटं पाठ केलं. विक्कीची खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, मॅनेजर कसा आहे, विक्की किती जाड झाला. खोटं बोलायचं असेल तर दोघांचं एक पाहिजे, असं प्रीतीचं म्हणणं होतं. फोटोचं काय करायचं, ते मात्र कन्हान आलं तरी सुचलं नाही.

बेसाच्या घराचं दार उघडलं तर आत सिंधूआत्या पलंगावर बसलेली. आनंदराव खुर्चीत होते. ते काही बोलत नव्हते, ही गोष्टच मुळात संशयास्पद होती.

"आले का बाप्पा? जय भीम. भेटला विक्की?" आत्याने विचारलं.

"भेटला ना!" प्रशिकने बॅग खाली ठेवायच्या आत सुरुवात केली. उशीर केला तर धीर सुटेल अशी त्याला भीती होती. "मस्त आहे तो. जाड झाला. खोली छान आहे, खिडकीतून समुद्र दिसते. नाही का वं प्रीती?"

"हो. नारळाचं झाडही आहे," प्रीती म्हणाली.

"मॅनेजर चांगला आहे. पार्सल पाहून तर तो रडलाच."

"मॅनेजर?"

"विक्की! विक्की रडला. तुझी लई आठवण काढून राहिला होता. म्हणे, आईच्या हातचा चहा—"

"चहा घ्या," असं म्हणत विक्की स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन बाहेर आला.

प्रीतीने ट्रेमधला कप उचलला, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना. विक्कीने मान खाली घातली. वहिनी आता सगळं सांगणार या धास्तीने तो दुसऱ्याच दिवशी कन्हानला गेला होता आणि आईच्या पायाशी बसून सगळं बोलून मोकळा झाला होता.

"आता बसा, घाम पुसा," आत्या शांतपणे म्हणाली. "मले पहिलेच माहीत होतं."

"माहीत होतं?" हा प्रश्न तिघांनी मिळून विचारला, कारण विक्कीलाही ही बातमी नवीनच होती.

"डिसेंबरात हा पोट्टा व्हिडिओ कॉलवर स्वेटर घालून बसला होता. वरून मफलर. मी म्हटलं, असंन तिथं थंडी. म्हणून तं गोधडी आणली. मंग प्रीतीनं सांगतलं का तिथं थंडीच नसते." तिने प्रीतीकडे पाहिलं. "तेव्हा माझ्या लक्षात आलं. मंग मी वजन वाढवलं."

"वजन?" प्रीतीचा कप थांबला.

"हाव. हलकं असतं तं तुम्ही कोणाजवळ ठेवून फिराले निघून गेले असते. जड सामान माणसाले चैन पडू देत नाही. तुम्ही त्याले हुडकूनच काढलं असतं." तिचा आवाज जरा ओला झाला. "मी तोंडावर विचारलं असतं तं तो खोटं बोलला असता. आणि आईसमोर एक डाव खोटं बोललं का पोरगं मंग घरी येणं सोडते. मले तो घरी पायजे होता. थायलंडले राहो का बुटीबोरीले."

"आणि तो फ्लेक्स?" प्रशिकने विचारलं.

"उतरवला. चांगला जाड आहे. गच्चीवर त्याच्यावर कुरड्या वाळू घातल्या."

विक्कीने हळूच सांगितलं, "गॉगलवर दोन कुरड्या आहेत."

प्रीती इतका वेळ रागवावं की नाही याचा विचार करत होती. तेवढ्यात आत्याने बॅगेतून गोधडी ओढून काढली आणि सवयीने झटकली. फरशीवर भुरभुर वाळू पडली. आत्याने ती बोटाने उचलून पाहिली, मग डाग पाहिला, मग प्रीतीचा चेहरा पाहिला. "बसली होती का वं याच्यावर? समुद्रापाशी?"

"बसली होती, आत्या," प्रीती म्हणाली. तिने कागदाचा तुकडा घेऊन ती वाळू गोळा करायला घेतली. सोमवारी भैरवीला दाखवायला थोडी तरी हवी होती.

आत्याने गोधडीची घडी घातली. बाल्कनीत पिंकी विहंगशी फोनवर बोलत होती. काच लावलेली होती, तरी आत्याने आवाज खाली आणला.

"प्रीती, दुबईले समुद्र आहे का वं?"

"आहे ना. काहून?"

"विहंग बाविसाव्या माळ्यावर राहतो म्हणते," आत्या म्हणाली. "काल फोनवर त्याच्या मागं कोंबडा आरवला. तुम्ही पुढच्या वर्षी दुबईले जाऊन पाहा ना. पार्सल मी भरून देतो. जास्त नाही, एवढंसंच."

प्रशिक खुर्चीचा हात घट्ट धरून प्रीतीकडे पाहू लागला. प्रीतीने वाळूची पुडी बांधली, नीट दुमडली आणि तिच्यावर दोरा गुंडाळला.

"चालंन," ती म्हणाली. "पण गोधडी मोठी देजा, आत्या. याच्यावर दोघं नीट मावत नाहीत."